मूठ, कड, पंजा : घरी येऊन केलेल्या फ्रंटल लोब तपासणीचा अनुभव

आमचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे, नागपूरच्या हनुमाननगरात, तुकडोजी पुतळ्याच्या थोडं अलीकडे. उन्हाळ्यात कुलरचे पंप अन् पंख्याच्या मोटारी इतक्या येतात की मार्च ते जून आम्हाला रविवार नसतो. गेल्या डिसेंबरात हे रात्री दुकान बंद करून गाडीने घरी येत होते. मानेवाडा रोडवर कुत्रं आडवं आलं, गाडी घसरली आणि कपाळ दुभाजकावर आदळलं. हेल्मेट डिक्कीत होतं. सीटी स्कॅनमध्ये दोन्ही बाजूंच्या फ्रंटल लोबला, म्हणजे कपाळामागच्या मेंदूला, मार निघाला, उजवीकडे जास्त. ९ दिवस आयसीयू, सगळे मिळून २१ दिवस दवाखाना.

अपघातानंतर साधारण तीन महिन्यांनी धंतोलीतल्या एका न्यूरोसायकॉलॉजिस्ट (मेंदूच्या दुखण्याने वागण्या-विचारात काय बदललं ते तपासणाऱ्या) मॅडमनी आमच्या घरी येऊन, ह्यांच्या दिवाणाजवळ खुर्ची टाकून वागणुकीची तपासणी केली. त्या तपासणीबद्दल लिहिते आहे. मॅडम एकट्याच काम करतात, नाव-नंबर टाकू नका म्हणाल्या, म्हणून टाकत नाही. तुमच्या घरी डोक्याला मार लागलेला माणूस परत आला असेल, सगळे ‘बरा झाला, बरा झाला’ म्हणत असतील आणि तुम्हालाच तो ओळखू येत नसेल, तर हे तुमच्यासाठी आहे.

आधी दवाखान्यात काय झालं ते सांगते, दवाखान्याचं नाव घेत नाही. सुट्टी द्यायच्या दिवशी एक तरुण डॉक्टर आले. ह्यांना वार विचारला, तारीख, गाव, तीन शब्द लक्षात ठेवायला दिले, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. ३० पैकी २८ गुण. कार्डावर लिहून आलं की रुग्ण पूर्ण शुद्धीत आहे, कोणतीही कमतरता नाही. आम्ही पेढे वाटले.

घरी आल्यावर ह्यांना म्हटलं, आंघोळ करून घ्या. “जातो.” दोन तासांनी तिथेच बसलेले. पुन्हा म्हटलं. “जातो ना, काऊन ओरडून राहिली?” आवाजात राग नाही, कंटाळा नाही, काहीच नाही. संध्याकाळ झाली तरी तिथेच. अन् तोच माणूस दुकानात नेला की गिऱ्हाइकाच्या पिशवीत हात घालून काय आणलंय ते पाहणार. अर्धा किलो संत्रा बर्फीचा डबा एका बैठकीत संपवला. गरज नसताना मोबाइलवरून १४ पंप मागवले. जाऊबाईंना सगळ्यांसमोर असं काही बोलले की त्या पंधरा दिवस आमच्या दारात आल्या नाहीत. ह्यांनी आयुष्यात कधी त्यांच्याकडे मान वर करून बोललेलं मी पाहिलं नव्हतं.

सासूबाईंनी नजर काढली. दीर म्हणाले, आरामाची सवय लागली. मला वाटायचं, हे माझ्यावर कसला तरी राग धरून आहेत. फेरतपासणीला नेलं की हे डॉक्टरांशी पाच मिनिटं अगदी नीट बोलायचे आणि डॉक्टर मलाच म्हणायचे, पेशंट छान आहे, तुम्हीच टेन्शन घेता. शेवटी आमच्या ओळखीच्या एका फिजिओथेरपिस्टने मॅडमचं नाव सुचवलं. २३ दिवस थांबावं लागलं.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात त्या आल्या. सकाळी १० ची वेळ होती, आल्या पावणेअकराला. आल्या-आल्या मला म्हणाल्या, “ताई, काही आवरू नका, रोज असतं तसंच राहू द्या.” दिवाणाजवळ खुर्ची ओढली. “काय भाऊ, कसं काय?” “मस्त.” “काही त्रास?” “काहीच नाही.” “मग दुकानात काऊन नाही जात?” “जाईन ना उद्या.” मग त्या गप्प बसल्या. मला वाटलं, मॅडमना काही सुचत नाही का? दहा मिनिटांत ह्यांनी आपणहून एकच वाक्य काढलं. मॅडम तेच मोजत होत्या, हे मला नंतर कळलं.

टेबलावर त्यांनी कंगवा, पेन, वही अशा दोन-चार वस्तू ठेवल्या होत्या. तिथेच आमचा टेस्टर पडलेला होता. ह्यांची नजर टेस्टरवर गेली, उठले, टेस्टर घेतला आणि भिंतीवरच्या स्विचबोर्डची प्लेट खोलायला लागले. माझा ऊर भरून आला, म्हटलं आज कामाला हात लावला. मॅडम शांतपणे म्हणाल्या, “भाऊ, मी सांगितलं का खोलायला?” “नाही.” “बोर्ड बिघडला आहे का?” “नाही.” “मग?” “टेस्टर आहे ना,” असं म्हणत ह्यांनी दुसरा स्क्रू काढला. मी धावत जाऊन मेन बंद केला.

ह्याला युटिलायझेशन बिहेविअर म्हणतात. फ्रान्सचे न्यूरॉलॉजिस्ट फ्रांस्वा लेर्मिट यांनी १९८३ साली त्याचं वर्णन केलं. वस्तू दिसली की हात ती वापरायला लागतो, वापरायचं कारण असो वा नसो. कपाळामागचा मेंदू एरवी हाताला ‘थांब, आत्ता नको’ म्हणत असतो, तो आवाज बसलेला असतो. गिऱ्हाइकाची पिशवी, बर्फीचा डबा, मोबाइलवरचं खरेदीचं बटण, सगळं माझ्या डोळ्यासमोरून गेलं. टेस्टर आवरून ठेवला असता तर हे दिसलंच नसतं, म्हणूनच त्यांनी मला घर आवरू दिलं नव्हतं.

मग एक छोटी चाचणी झाली, फ्रंटल असेसमेंट बॅटरी. पॅरिसच्या द्युब्वा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेली. सहा भाग, प्रत्येकाला ३ गुण, एकूण १८, साधारण दहा मिनिटांचं काम. यंत्र लागत नाही, पलंगाशी बसून करता येते. मी दारात उभी राहून पाहत होते, म्हणून जसं घडलं तसं सांगते.

पहिला प्रश्न, केळं आणि संत्रं यांच्यात सारखं काय? नागपूरच्या माणसाला संत्र्याबद्दल विचारलं, मला वाटलं हे तर सुटलंच. हे म्हणाले, “दोन्हीची सालं काढा लागते.” मला उत्तर बरोबर वाटलं. पण ह्याला शून्य असतो. दोन्ही फळं आहेत, एवढं वर जाऊन पाहता येतं का, ते त्यात बघतात. मग एका मिनिटात ‘क’ने सुरू होणारे शब्द. “कुलर, कॉपर, कॉइल, कपॅसिटर… कुलर… कांदा… कुलर.” पुढचा अर्धा मिनिट घड्याळच ऐकू येत होतं. दुकानातले शब्द मॅडमनी पूर्ण धरले, ती त्यांची रोजची भाषाच आहे म्हणाल्या. हे मला आवडलं. पुन्हा आलेले सोडून पाच शब्द झाले.

तिसरा भाग मी विसरणार नाही. रशियाचे लुरिया म्हणून मोठे न्यूरोसायकॉलॉजिस्ट होते, त्यांच्या कामातून आलेला. मांडीवर आधी मूठ आपटायची, मग हाताची कड, मग पंजा. मॅडमनी तीनदा करून दाखवलं. मग त्यांच्यासोबत ह्यांनी केलं, जमलं. मग म्हणाल्या, आता एकटे करा. ह्यांनी तोंडाने सुरू केलं, “मूठ, कड, पंजा. मूठ, कड, पंजा.” तोंड एकदाही चुकलं नाही. हात मात्र मूठ, मूठ, मूठ. तोंडात कड आणि मांडीवर मूठ. हे आपल्या हाताकडे पाहत होते आणि तरी म्हणत होते, पंजा.

मी दारातच खाली बसले. इतके दिवस मी ज्या ‘जातो’वर चिडत होते, तो ‘जातो’ माझ्यासमोर मांडीवर आपटत होता. हे खोटं बोलत नव्हते. आंघोळीला जायचं हे ह्यांना खरंच कळत होतं, पटतही होतं. कळलेलं हातापायापर्यंत पोचत नव्हतं.

बाकीचे भाग लवकर झाले. मॅडमनी एकदा टकटक केलं की ह्यांनी दोनदा करायचं, त्यांनी दोनदा केलं की एकदा. त्यात थोडेच चुकले. मग नियम बदलला, त्यांनी दोनदा वाजवलं तर ह्यांनी गप्प राहायचं. ते राहवलंच नाही. नियम विचारला तर पाठ. शेवटी ह्यांचे हात मांडीवर उताणे ठेवायला लावले, “माझे हात धरू नका” म्हणून सांगितलं आणि त्यांनी आपले हात ह्यांच्या तळव्यांना लावले. ह्यांनी लगेच धरले. १८ पैकी ७ गुण.

तोच माणूस, ३० पैकी २८ आणि १८ पैकी ७. दवाखान्यातल्या चाचणीबद्दल मॅडमनी एक शब्दही वाईट काढला नाही. ती १९७५ सालची चाचणी स्मरण, भाषा, तारीख-वार यांच्यासाठी बनली आहे आणि त्यासाठी चांगली आहे, म्हणाल्या. पुढच्या मेंदूचं काम तिच्यात फारसं येत नाही. आणि डॉक्टरच्या खोलीत प्रश्न डॉक्टर विचारतो, सुरुवात तो करतो, थांबवतोही तोच. म्हणजे फ्रंटल लोबचं काम तेवढा वेळ डॉक्टरच करत असतो. घरी ते करायला कोणी नसतं.

एक गोष्ट मी कधीच पकडली नसती. मॅडमनी डोळे मिटायला लावून एकेका नाकपुडीशी कॉफी धरली, मग लवंग, मग साबण. ह्यांना कशाचाच वास आला नाही. डोळ्यांच्या वरच्या बाजूला कवटीचा तळ खडबडीत असतो. डोकं आपटलं की मेंदूचा पुढचा खालचा भाग त्यावर घासतो आणि वासाच्या नसांचे धागे तिथल्या चाळणीसारख्या हाडातून तुटू शकतात. स्वयंपाकघरात दूध करपत असताना हे शेजारी बसून राहायचे, त्यावरून मी किती बोलले होते. त्याच संध्याकाळी सीताबर्डीवरून गॅस गळतीचा अलार्म आणून लावला.

मग मला स्वयंपाकघरात नेऊन ४६ प्रश्न विचारले. ग्रेस आणि मॅलॉय या दोघांनी तयार केलेली यादी आहे, प्रत्येक प्रश्नाला दोन रकाने, मार लागण्याआधी आणि आता. ह्यांनाही तेच प्रश्न स्वतःबद्दल विचारले. ह्यांच्या दोन्ही रकान्यांत फरकच नव्हता. माझे रकाने म्हणजे दोन वेगळी माणसं. हे लपवत नाहीत, आपल्यात बदल झाला हे जाणवणंच दुखावलेलं आहे, असं त्यांनी सांगितलं. ‘आधी’चा रकाना भरताना मी थांबून-थांबून बोलत होते. लग्नाला २२ वर्षं झाली, हा माणूस आधी कसा होता हे डिसेंबरपासून कोणी विचारलंच नव्हतं.

दुसरी भेट सक्करदऱ्याच्या बाजारात झाली. शॅलिस आणि बर्जेस या दोन संशोधकांनी १९९१ साली इंग्लंडमध्ये डोक्याला मार लागलेल्या तीन रुग्णांना खऱ्या बाजारपेठेत कामं देऊन पाहिलं होतं, त्या धर्तीवर. चिठ्ठी अशी : दहा रुपयांचा सांबार घ्यायचा, अर्धा किलो वांगी, कुलरच्या गवताचा भाव फक्त विचारायचा, खर्च शंभराच्या आत, अर्ध्या तासात पानठेल्यापाशी परत. (बाहेरच्या वाचकांसाठी, आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात.) मॅडम मागे दहा पावलांवर, मी त्यांच्याही मागे. हे पहिल्याच ठेल्यावर गेले, सांबार घेतला, तिथे लिंबं दिसली, लिंबं घेतली, पुढे टरबूज दिसलं, ते घेतलं. कुलरच्या गवताच्या दुकानात भाव विचारला आणि दोन बंडल खांद्यावर टाकून निघाले. वांगी राहिली. ३४० रुपये खर्च. चिठ्ठीत काय होतं विचारलं तर शब्दन्‌शब्द सांगितलं. मॅडमनी टरबुजावर काही टीका केली नाही, “भारी टरबूज आणलं भाऊ” म्हणाल्या आणि वहीत लिहीत राहिल्या.

तिसऱ्या दिवशी घरच्यांना बसवलं. सासूबाई, दीर, मी आणि जाऊबाईही आल्या. मॅडमनी हाताच्या मुठीला मेंदू समजून दाखवलं. बाहेरच्या बाजूचा पुढचा भाग बिघडला तर बेत आखणं, क्रम लावणं बिघडतं. डोळ्यांच्या वरचा खालचा भाग गेला तर ताबा सुटतो, तोंडाचा आणि हाताचाही. मधला आतला भाग गेला तर सुरुवातच होत नाही. ह्यांच्यात तिन्ही थोडं-थोडं आहे. जाऊबाईंकडे वळून म्हणाल्या, “तुम्हाला जे बोलले त्याचं वाईट वाटणारच. पण मनात साठवलेलं बाहेर आलं, असं समजू नका.” जाऊबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

दिरांनी विचारलं, हे आता कायम असंच का? मॅडमनी खोटा धीर दिला नाही. पहिल्या काही महिन्यांत सुधारणा जास्त होते, पुढेही हळूहळू होत राहते, किती होईल ते सांगता येत नाही, म्हणाल्या. आणि फिनिअस गेजची गोष्ट सांगितली. १८४८ साली अमेरिकेत रेल्वेच्या कामावरचा २५ वर्षांचा मुकादम, सुरुंगाच्या स्फोटात ३ फूट ७ इंचांची, सहा किलोची लोखंडी पहार गालाखालून शिरून डोक्यातून पार गेली. जगला, बोलायचा, चालायचा, पण स्वभाव बदलला म्हणून कंपनीने कामावर परत घेतलं नाही. ही गोष्ट इथेच संपवतात, मॅडम म्हणाल्या, पण त्याने नंतर चिलीमध्ये काही वर्षं घोडागाडी हाकली. ठरलेला रस्ता, ठरलेली वेळ, रोज तेच काम. दीर त्यानंतर बराच वेळ काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांना दुकानात न्यायला ते स्वतः आले.

आता आम्ही काय करतो ते सांगते, कारण पैसे खरे याचेच वसूल झाले. ‘आंघोळीला जाता का’ हे विचारणं बंद. टॉवेल ह्यांच्या हातात द्यायचा आणि न्हाणीचं दार उघडं ठेवायचं, बादली दिसली पाहिजे. वस्तू दिसली की हात जातो ना, मग त्याच सवयीला कामाला लावायचं, ही मॅडमची युक्ती. पहिल्या दिवशी टॉवेल हातात दिला आणि हे उठले, सरळ आत गेले. मी बाहेर उभी राहून तांब्याचा आवाज ऐकत होते. दुकानात ह्यांच्यासमोर एका वेळी एकच मोटार ठेवतो, दुसरी नजरेआड. वाइंडिंगला हात अजून तसाच सरळ आहे, वेढे मोजून पडतात. भाव करणं आणि गिऱ्हाईक पुतण्याकडे. मोबाइलवरून पैशांची मर्यादा दिवसाला २०० रुपये. गाडीची किल्ली दिरांकडे. तोंडातून वाईट शब्द गेला तर वाद घालायचा नाही, विषय बदलायचा, नाहीतर आपण तिथून उठायचं. बाकी सगळं जमलं, हे शेवटचं मला अजून जमत नाही.

कमी काय वाटलं तेही सांगते. सहा पानांचा अहवाल इंग्रजीत आला. घरच्या लोकांनी रोज वाचायचा कागद मराठीत हवा होता. मी मागितल्यावर मॅडमनी एक पान हाताने लिहून दिलं, आणि तेच पान आमच्या फ्रिजवर आहे, सहा पानं फाइलमध्ये. ‘क’च्या शब्दांचे गुण ठरवताना मूळ कोष्टक परदेशी आहे, शिक्षण आणि भाषेने गुण बदलतात, हे त्यांनी स्वतःहून सांगितलं. आकड्यापेक्षा टेस्टर आणि टरबूज यांवर मी जास्त विसंबते, म्हणाल्या. हा प्रामाणिकपणा चांगला वाटला, तरी विमा कंपनीला आकडाच हवा असतो, आणि आमच्या कंपनीने हा खर्च दिला नाही. मधे फोन केला तर उत्तर दोन-दोन दिवसांनी येतं. मॅडम औषध देत नाहीत, तो त्यांचा अधिकारच नाही. त्यासाठी त्यांनी मानसोपचारतज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली, तिथे वेगळी फी.

दोन भेटी, घरच्यांची बैठक आणि अहवाल मिळून ५५०० रुपये झाले. आमच्यासारख्यांना कमी नाहीत. मी पाचपैकी साडेचार देईन, अर्धा कापला तो इंग्रजी अहवालाचा आणि उशिराचा.

कोणाला अशी तपासणी करून घ्यायची असेल तर धंतोली-रामदासपेठेतल्या न्यूरोच्या डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत विचारा, वागणुकीची तपासणी घरी येऊन करणारं कोणी आहे का. येणाऱ्या माणसाची भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी विचारा, खऱ्या माणसाला त्याचा राग येत नाही. डिस्चार्ज कार्ड आणि स्कॅनची सीडी काढून ठेवा. पेशंटला आधीपासून ओळखणारी दोन माणसं घरी थांबवा, एक घरातलं आणि एक कामावरचं, दोघांना वेगवेगळं दिसतं. वेळ सकाळची घ्या, दुपारी पेशंट थकतो आणि मे महिन्यात तर नागपुरात दुपारी धडधाकट माणसाचंही डोकं चालत नाही. घर आवरू नका. आमची पुढची तपासणी दिवाळीनंतर आहे, तोपर्यंत टॉवेल मीच हातात देते आहे. गेल्या सोमवारी मी द्यायच्या आधी ह्यांनी तो दोरीवरून काढून घेतला होता. मी वहीत तारीख लिहून ठेवली आहे.